उभी गाडी जास्त झिजते

बरीच वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली जुनी गाडी दिसली की बघणारा विचारतो, ‘किती किलोमीटर झालेत?’ अशा गाड्या घरी खोलून पुन्हा रस्त्यावर आणायची ज्याला हौस आहे, तो हे शेवटी विचारेल. त्याला आधी हवं असतं ते वेगळंच: किती वर्षं उभी आहे, खाली माती आहे की फरशी, आणि टाकीत पेट्रोल तसंच राहिलंय का.

चालत्या गाडीत इंजिन तापतं, त्यात साठलेली ओल वाफ होऊन निघून जाते, तेल सगळीकडे फिरून धातूवर थर धरतं, ब्रेक घासून ड्रम आतून चकचकीत राहतात. गाडी उभी राहिली की हे सगळं बंद पडतं. रसायनशास्त्र मात्र चालूच राहतं. पत्रा, पेट्रोल, रबर, ब्रेक ऑइल, वायरचं आवरण, प्रत्येकाचं म्हातारपण वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या कारणाने येतं. घरगुती रिस्टोरेशन म्हणजे पान्हे आणि ग्रीस असं वाटतं खरं, पण निम्मं काम हे कुठल्या पदार्थाला काय झालंय ते ओळखण्याचं असतं.

सुरुवात गंजापासून करावी लागते, कारण इंजिन दुसरं मिळू शकतं, सडलेली बॉडी मिळत नाही. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. गाडीत तो नेमका कुठे चढतो हे मात्र थोडं उलटं आहे. पत्र्यावर पाण्याचा थेंब पडला तर त्याच्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड विरघळायला लागतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे एका थेंबातच एक छोटी बॅटरी तयार होते. हाच प्रकार दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेल्या सांध्यात होतो. सांध्याच्या आत ओल शिरते, हवा मात्र नीट पोचत नाही, त्यामुळे पत्रा आतून खाल्ला जातो. रंगावर आलेला लहानसा फोड म्हणजे या प्रकरणाचं शेवटचं टोक. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून असे सांधे फुगून उसवतात. दाराची खालची कड, दाराखालची पोकळ पट्टी, मडगार्डची आतली बाजू आणि डिकीची फरशी, एवढं आधी तपासावं. पातळ चुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला की मागच्या मालकाने कुठे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारलाय ते लगेच कळतं. तिथे चुंबक धरतच नाही.

बॉडीचा मोठा गंज कापून नवा पत्रा वेल्ड करण्याशिवाय इलाज नाही, आणि ते काम शिकायला वेळ लागतो. पातळ पत्रा एका जागी तापला की वाकडा होतो, म्हणून सलग वेल्डिंग न करता लांब लांब ठिपके द्यायचे आणि मध्ये गार होऊ द्यायचं. सुट्या भागांसाठी मात्र घरच्या घरी करण्यासारखी एक फार सुरेख पद्धत आहे. मला तर सगळ्या छंदातला हाच भाग सर्वांत आवडतो.

प्लास्टिकचं टब घ्यायचं, पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. चार लिटरला एक मोठा चमचा पुरतो. गंजलेला भाग तारेने टांगून १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या वजा टोकाला जोडायचा. भोवती साध्या लोखंडाच्या भंगार पट्ट्या उभ्या करून त्या अधिक टोकाला. टांगलेला भाग पट्ट्यांना कुठेही टेकता कामा नये. चार्जर चालू केला की भागावरून बारीक बुडबुड्यांची झालर वर यायला लागते. तो हायड्रोजन. त्याबरोबर लाल गंजाचा काही अंश काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि पापुद्रे सैल होतात. काही तासांनी पाणी गढूळ तपकिरी होतं, वर फेस जमतो, आणि भाग बाहेर काढून ब्रशने घासला की काळी पूड निघून खाली राखाडी लोखंड दिसतं. चांगल्या धातूला धक्का लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. अ‍ॅसिडमध्ये बुडवलं तर ते गंजाबरोबर लोखंडही खातं.

पण इथे काही गोष्टी सांभाळायलाच हव्यात. पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या वापरायच्या नाहीत. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणाऱ्या रूपात पाण्यात उतरू शकतं. काम मोकळ्या हवेत करायचं आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करायचा, कारण हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट यात टाकू नयेत. हायड्रोजन धातूत शिरून त्यांना ठिसूळ करतो, आणि असा बोल्ट बाहेरून अगदी निरोगी दिसतो. कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) तर मुळीच नाही. त्याचा जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू अशा अल्कधर्मी पाण्यात स्वतःच विरघळायला लागतो. बाहेर काढलेल्या उघड्या लोखंडावर दमट हवेत बघता बघता पुन्हा लाली येते, म्हणून लगेच वाळवून फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा हात द्यायचा. त्याने लोह फॉस्फेटचा थर बसतो आणि प्रायमर धरून राहतो.

आता टाकी. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि इंजिन थंड असताना पेट घ्यायला तेच उपयोगी असतात. उरलेल्यातले काही ऑक्सिजनशी जुळून चिकट डिंक बनवतात. कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या कडेला या डिंकाचा पातळ थर बसला तरी मिश्रण बिघडतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी भानगड. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. जुन्या काळचे रबरी पाइप, कॉर्कचे बूच आणि टाकीच्या आतला लेप इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नव्हते. शिवाय जळताना पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे जुन्या सेटिंगच्या कार्बोरेटरमध्ये इथेनॉल-मिश्रित पेट्रोल घातलं की मिश्रण आपोआप पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), इंजिन जास्त तापतं. पाइप बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुरोइलास्टोमर रबराचे घालणं आणि जेट एक नंबर मोठा घालणं ही बाहेरून न दिसणारी, पण आवश्यक सुधारणा आहे.

टाकीला भोक असेल तर ती घरी वेल्ड करायला घेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ याहून दाट असते. रिकामी टाकी नेमकी या पट्ट्यात सापडते. बरीच वर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा तापवली की सांध्यातला डिंक वाफ सोडतो.

ब्रेकवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हौशी लोक इंजिनच्या आवाजात रमतात आणि ब्रेक ‘लागतात की!’ म्हणून सोडून देतात. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि तेही हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. आता हिशेब करा. हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. घाटात हे पुन्हा पुन्हा होतं. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात, आणि पॅडल जमिनीला टेकतं पण गाडी थांबत नाही. शोषलेलं पाणी सिलिंडरच्या आतही खड्डे पाडतं. त्यावरून रबरी सील घासत गेलं की ते फाटतं.

बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. म्हणून दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा भाग) बसवणं ही पहिली सुधारणा असावी असं माझं मत आहे; डिस्क ब्रेकचा नंबर त्यानंतर. डिस्कचे गुण वादातीत आहेत. फ्रान्समधल्या १९५३ च्या ल माँ शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने बाजी मारली आणि दोन वर्षांनी सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना ते सर्रास आले. डिस्क उघडी असल्याने लवकर गार होते. ड्रममध्ये मात्र एक गंमत असते: फिरता ड्रम पुढच्या शूला (आतून ड्रमवर घासणाऱ्या पट्टीला) आपणच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. डिस्कमध्ये ही मदत नाही. नुसत्या डिस्क लावल्या आणि जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पॅडल दगडासारखं लागतं. मग सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) आला, त्याची नळी आली, पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल पुन्हा जुळवणं आलं. एका जागी केलेली सुधारणा शेजारच्या भागावर भार टाकते. मेकॅनिक लोक यालाच ‘एक काढलं की चार निघतात’ म्हणतात.

इग्निशनची, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची, गोष्ट जास्त गोड आहे. चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली पद्धत पुढे साठेक वर्षं जवळपास तशीच चालली. डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण उघडा. मध्ये उंचवटे असलेला दांडा आणि त्याला टेकलेली पॉइंटची छोटी जोडी. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा होतं. जुने पॉइंट भिंगाखाली धरले तर एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तसाच उंचवटा दिसतो; ठिणगीबरोबर धातू इकडून तिकडे गेलेला असतो. पॉइंटमधली ठिणगी आवरणारा कंडेन्सर बिघडला की हे फार झपाट्याने होतं. दांड्यावर घासणारी फायबरची टाच झिजते, पॉइंट उशिरा उघडायला लागतात आणि गाडी हळूहळू सुस्त होते. मालकाच्या लक्षातही येत नाही. पॉइंटच्या जागी चुंबकीय सेन्सरचं किट त्याच झाकणाखाली बसतं आणि कधीही काढून पॉइंट परत लावता येतात. अशा सुधारणेला कुणी नाक मुरडायचं कारण नाही. फक्त बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं आहे का, ते आधी बघावं. साठच्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत तसं असे, आणि उलट्या जोडणीने इलेक्ट्रॉनिक किट क्षणात जळतं.

दिव्यांचंही तसंच. जुन्या फिलामेंटच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. लांबच्या लांब वायरी, काळे पडलेले स्विच, गंजलेली अर्थिंग यांत एवढं व्होल्टेज सहज जातं. महागडे बल्ब आणण्याआधी जाड वायर आणि दोन रिले (बॅटरीचा प्रवाह थेट दिव्याला जोडणारे स्विच) टाकून पाहावेत. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणाऱ्यांनी मात्र वायरिंगही तपासावं. जास्त अ‍ॅम्पियर त्याच जुन्या वायरीतून आणि डॅशबोर्डवरच्या त्याच अ‍ॅमीटरमधून जाणार असतात.

शिशाचं पेट्रोल मिळत नसल्याने जुनं इंजिन खराब होईल, असं उगाच घाबरवलं जातं. टेट्राइथाइल लेडमुळे इंजिनची खडखड थांबते हे थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधलं, आणि मोटारींसाठीचं असं पेट्रोल जगातून पूर्ण जायला २०२१ उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया. त्या शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटवर (व्हॉल्व टेकतो त्या कडीवर) उशीसारखं काम करायचा. तो नसेल तर मऊ बिडाची सीट दीर्घकाळ वेगात चालवताना झिजते आणि व्हॉल्व आत रुततो. हे ओळखणं सोपं आहे: टॅपेटची (व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाची) फट दर वेळी कमी कमी होत जाते. रविवारी फेरी मारणाऱ्या गाडीचं हेड (इंजिनवरचं व्हॉल्व असलेलं झाकण) केवळ या भीतीने खोलू नये. फट मोजत राहावी. हेड दुसऱ्या कारणाने खोललंच तर कडक सीट बसवून घ्यावी.

जाम झालेल्या नटांवर स्वतंत्र पोथी लिहिता येईल. घाईने पान्ह्याला पाइप लावून जोर केला की बोल्ट तुटतो किंवा आटे जातात. नट तापवला की तो प्रसरण पावतो. दहा मिलिमीटरच्या नटात दोनशे अंशांना फरक पडतो तो मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा, पण गंजाची पकड सुटायला तो पुरतो. (पेट्रोलच्या नळीजवळ अर्थातच नाही.) पान्हा कुठला, हाही प्रश्नच. जोसेफ व्हिटवर्थ यांचे १८४१ चे आटे ५५ अंशांचे (आट्याच्या दोन बाजूंमधला कोन), नंतरचे ६० अंशांचे. जुन्या ब्रिटिश एमजी गाड्यांच्या एक्सपीएजी नावाच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आणि नटांची डोकी व्हिटवर्थच्या मापाची आहेत.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असू शकतं. ड्रम उघडल्यावर त्यातली धूळ हवेच्या प्रेशरने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करावं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर पाण्याबरोबरच वापरावा.

किती सुधारायचं यावर मात्र हौशी मंडळींत कायम दोन तट असतात. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ १९६६ पासून काम करते, आणि तिच्या ट्यूरिन सनदेचा कल मूळ साहित्य जपण्याकडे, आणि बदल करावाच लागला तर तो पुन्हा मागे घेता येईल असा करण्याकडे आहे. मला हे पटतं, पण ब्रेकच्या बाबतीत मी सुरक्षिततेच्या बाजूला झुकतो. खरी परीक्षा इंजिन काढून मोटर आणि बॅटऱ्या बसवणाऱ्यांची आहे. मोटर जुन्याच माउंटिंगच्या भोकांवर बसली, चेसिस कुठे कापली नाही आणि मूळ इंजिन तेल घालून जपून ठेवलं, तर पुढचा मालक ते परत बसवू शकतो. त्यातही बॅटऱ्यांचं वजन मागे गेलं की स्प्रिंग बदलाव्या लागतात, टायरमधली हवा बदलते, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल पुन्हा नव्याने जुळवायला बसावं लागतं.