जरापेशीनाशक औषधे

विभाजन कायमचे थांबलेल्या, तरीही न मरता ऊतींत साचत जाणाऱ्या पेशी (जरापेशी) निवडून मारणारी औषधे. प्रयोगशाळांत ‘सेनोलिटिक’ हेच नाव रूढ आहे.

मानवी तंतुजनक पेशी (ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी) प्रयोगशाळेतील संवर्धनात सुमारे ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक व मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवले. थांबलेली पेशी दाहकारक प्रथिने स्रवते. स्वतः मात्र बीसीएल-एक्सएलसारख्या मृत्युरोधक प्रथिनांवर तग धरते. औषध तो आधार काढून घेते. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध याच वाटेने जाते, पण बिंबाणूही (रक्त गोठवणारे रक्तकण) त्याच प्रथिनावर जगतात, म्हणून त्यांची संख्या घसरते.

जरापेशी ओळखायची कशी, हा खरा वादाचा मुद्दा. निर्णायक खूण एकही नाही. १९९५ पासून बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या विकराची निळी रंगचाचणी वापरतात, तिच्यात जरापेशी निळ्या होतात. द्रावणाचा सामू (पीएच) नेमका ६.० हवा, ४ च्या आसपास साध्या पेशीही निळ्या होतात. थाळी ३७° से.ला, पण कार्बन डायऑक्साइड नसलेल्या उबवणीपेटीत रात्रभर ठेवतात, कारण तो वायू द्रावण आम्ल करतो. पेटी कोरडी असल्याने द्रावण आटून स्फटिक धरतात. नागपूरच्या मे महिन्यात तर थाळीच्या कडा पट्टीने बंद केल्याच पाहिजेत. दाट वाढलेल्या तरुण पेशीही निळ्या दिसतात, त्यामुळे पी१६ या विभाजन रोखणाऱ्या प्रथिनाची जोड-तपासणी केलेलीच बरी.

दासाटिनिब (रक्तकर्करोगावरील औषध) व क्वेर्सेटिन (वनस्पतींतील एक फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतिजन्य रंगद्रव्यांच्या गटातील संयुग) ही जोडी २०१५ मध्ये पुढे आली. फुप्फुसतंतुमयतेच्या (फुप्फुसात व्रणासारखे तंतू साचण्याच्या) १४ रुग्णांवरील २०१९ च्या प्राथमिक चाचणीत दिवसाला अनुक्रमे १०० व १,२५० मिग्रॅ., आठवड्यातून तीन दिवस, असे तीन आठवडे दिले. जरापेशी पुन्हा साचायला वेळ लागतो, म्हणून औषध सलग देत नाहीत. गुडघ्याच्या संधिवातावरील यूबीएक्स०१०१ हे औषध मात्र २०२० मध्ये लटक्या औषधापेक्षा (प्लासिबो) सरस ठरले नाही. फिसेटिन या दुसऱ्या फ्लॅव्होनॉइडने उंदरांचे आयुष्य वाढल्याचा २०१८ चा दावा नंतरच्या मोठ्या चाचणीत टिकला नाही. हा दुसरा निष्कर्षच अधिक ग्राह्य वाटतो.

क्वेर्सेटिन कांद्यात असते, पण १०० ग्रॅममागे साधारण २० ते ४० मिग्रॅ.च. सावजी रश्श्यात कितीही कांदा परतला, तरी १,००० मिग्रॅ.साठी अडीच ते पाच किलो लागेल. नागपुरी संत्र्याचे नाव या संदर्भात घेणे चूकच. त्यातले मुख्य फ्लॅव्होनॉइड हेस्पेरिडिन आहे.

सरसकट जरापेशी काढणे निर्धोक नाही. जखम भरण्यात त्यांचा वाटा असतो, आणि उंदरांच्या यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून त्या काढल्यावर तेथे तंतुमयता वाढली (२०२०).