रिपोर्टमध्ये सोडियम कमी, तरी मीठ नको

इंदुरात पावसाळा लागला की जुलाबाची मुलं वाढतात. त्यांतलं एखादं अगदीच वाळलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित असतं. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहतो. घरचे घाईनं एम. वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेतात आणि म्हणतात, "सलाईन लावा." बेशुद्धीकडे झुकलेलं, हातपाय गार पडलेलं मूल सोडलं तर या मुलांना शिरेतून सलाईन देणं घातक ठरू शकतं.

पेशीच्या आवरणात एक पंप असतो. दर फेरीला तो 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत ओढतो. त्याला ऊर्जा फार लागते, म्हणून उपाशी शरीर तो मंद करतं. मग सोडियम पेशीत साचतं, पोटॅशियम बाहेर झिरपून लघवी-जुलाबातून जातं. रक्तात सोडियम कमी दिसलं तरी अंगात ते जास्तच असतं, म्हणून वरून मीठ नको. पोटॅशियमचं उलट: सुमारे 98 टक्के पेशींच्या आत, त्यामुळे साठा रिता होऊनही आकडा बरा दिसू शकतो. पोटॅशियम कमी पडलं की पोट फुगतं, मान धरवत नाही, हृदयाचे ठोके चुकतात. मॅग्नेशियमही हवंच, ते कमी असेल तर दिलेलं पोटॅशियम मूत्रपिंडातून वाहून जातं.

म्हणून पोषण पुनर्वास केंद्रात पोटॅशियम रोज किलोमागे 3 ते 4 मिलिमोल देतात, ओआरएस तोंडानं आणि सावकाश: पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला किलोमागे 5 मिली. 6 किलोच्या मुलाला 30 मिली, म्हणजे दर पाच मिनिटांनी 5 मिलीचा एक चमचा. इतकं हळू पाजताना आईचा जीव वरखाली होतो, पण दुबळ्या हृदयाला तेवढंच झेपतं. मिनिटाला नाडी 25 नं आणि श्वास 5 नं वाढले तर ओआरएस लगेच थांबवतात. सूज उतरवायला लघवीचं औषध देऊ नये. त्यानं उरलंसुरलं पोटॅशियमही जातं.

खाऊ घालण्याची घाईही तितकीच वाईट. एकदम भरपूर दिलं की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशीत ओढले जातात आणि हृदय अचानक थांबू शकतं. सुरुवातीला एफ-75 हे कुपोषित मुलांसाठीचं हलकं दूध दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा: दिवसाला किलोमागे 130 मिली, सूज फार असेल तर 100. भूक परतली, सूज उतरू लागली की हळूहळू एफ-100 या जास्त ताकदीच्या दुधाकडे वळतात. लोहाचं औषधही तेव्हाच.