सरकार बुडालं नाही, मग घसारा कसला?

चातुर्मासात मंगल कार्यालयं रिकामी असतात, तेव्हा आपल्याकडे तिथे सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतात. २०२३ सालच्या अशाच एका सभेला मी सभासद म्हणून बसलो होतो. अहवालवाचन चालू असताना मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. पुस्तिकेतल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे 'गुंतवणुकीवरील घसाऱ्यासाठी तरतूद' असं छापलंय. गुंतवणूक तर सगळी सरकारी रोख्यांत आहे म्हणता. सरकार बुडालं का? यंत्र झिजतं, गाडी झिजते, रोखा कसा झिजेल?"

"सर, तो कागदोपत्री तोटा आहे," असं म्हणून अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

मी उमेदीची बरीच वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा रोख्यांत गुंतवणाऱ्या विभागात, काढली आहेत. सरांचा प्रश्न त्या दिवशी सभेत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत सर्वात मोलाचा होता, आणि त्याला मिळालेलं उत्तर अर्धंच होतं. ती रुखरुख अजून आहे, म्हणून हा लेख.

बँकेकडे सरकारी रोखे असतात ते काही केवळ हौसेने घेतलेले नसतात. ठेवी आणि तत्सम देण्यांच्या दर १०० रुपयांमागे १८ रुपये रोख, सोनं किंवा सरकारी रोखे अशा स्वरूपात ठेवावेच लागतात. यालाच एसएलआर म्हणतात. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक भाग रोख्यांतच असतो. रोख्याचं नावच त्याची कुंडली सांगतं. 'जीएस (म्हणजे सरकारी रोखा) २०३४, ७.१० टक्के' याचा अर्थ १०० रुपयांच्या दर्शनी मूल्यावर दर सहा महिन्यांनी ३ रुपये ५५ पैसे व्याज, आणि २०३४ साली १०० रुपये परत. हा आकडा मधल्या काळात बदलत नाही. सरांचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

बदलतो तो आजूबाजूचा व्याजदर. सोयीसाठी वर्षातून एकदाच व्याज देणारा, ७ टक्क्यांचा, १० वर्षं मुदत उरलेला रोखा घ्या. तुम्ही तो १०० रुपयांना घेतलात. उद्या बाजारातला दर ८ टक्के झाला, तर नव्या रोख्यावर ८ रुपये मिळत असताना तुमचा ७ रुपये देणारा रोखा १०० रुपयांना कोण घेईल? पुढच्या दहा वर्षांतला प्रत्येक हप्ता आणि शेवटचे १०० रुपये ८ टक्के दराने आजच्या किमतीत आणले, तर बेरीज येते ९३ रुपये २९ पैसे. त्याच्या आजच्या वाजवी मूल्याचा, म्हणजेच बँकवाले ज्याला फेअर व्हॅल्यू म्हणतात त्याचा, हाच आकडा. एखाद्या छोट्या बँकेकडे असे ५० कोटींचे रोखे असतील, तर साधारण ३ कोटी ३५ लाखांचा फरक पडला. दर उलट ६ टक्क्यांवर आला, तर तोच रोखा १०७ रुपये ३६ पैशांचा होतो. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. एकच वर्ष उरलेलं असेल, तर दर ८ टक्के झाल्यावरही भाव ९९ रुपये ७ पैशांवरच थांबतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. सरांच्या बोटाखालची ती ओळ तिथून आली होती. रोखा झिजला नव्हता, पैसा महागला होता. 'घसारा' हा शब्दच इथे दिशाभूल करतो. यंत्राचा घसारा भरून येत नाही, रोख्याचा मात्र येऊ शकतो.

आता हा भाव ठरवतो कोण? सोन्याचा भाव सराफाच्या पाटीवर लिहिलेला असतो. सरकारी रोख्यांची बरीचशी खरेदी-विक्री २००५ पासून एनडीएस-ओएम या संगणकीय मंचावर होते आणि झालेले व्यवहार सगळ्यांना दिसतात. पण रोज दणकून उलाढाल होते ती मोजक्याच रोख्यांत. बाकीचे कितीतरी रोखे दिवसेंदिवस कपाटातून हलत नाहीत. त्यांचा भाव हलणाऱ्या रोख्यांवरून काढावा लागतो. कोणत्या मुदतीला बाजार किती परतावा मागतोय याचे बिंदू मांडायचे, त्यांतून एक वक्ररेषा काढायची आणि न हललेल्या रोख्याची मुदत त्या रेषेवर कुठे पडते ते पाहायचं. मार्च २०१८ अखेरपासून हे काम एफबीआयएल ही संस्था करते, त्याआधी ते फिमडा या बाजारातल्या संस्थांच्या संघटनेकडे होतं. संध्याकाळी त्यांची दरपत्रिका आली की ट्रेझरीच्या बॅक ऑफिसमध्ये ती प्रणालीत चढवायची आणि एकेका रोख्याच्या नावापुढे नवा भाव बसताना पाहायचा. ३१ मार्चच्या रात्री हे काम करताना पोटात गोळा यायचा, कारण त्या रात्रीचा भाव वर्षाच्या ताळेबंदावर छापला जायचा.

मोजमापाची पद्धत चुकली तर काय होतं, याचं एक उदाहरण राज्य सरकारांच्या रोख्यांचं आहे. कितीतरी वर्षं नियम असा होता की तेवढ्याच मुदतीच्या केंद्र सरकारच्या रोख्याच्या परताव्यात सरसकट पाव टक्का मिळवायचा आणि त्यावरून राज्याच्या रोख्याची किंमत काढायची. महाराष्ट्राचा रोखा असो की दुसऱ्या कुठल्या राज्याचा, काठी एकच. बाजार कोणत्या राज्याला किती दराने पैसे देतोय हे रोखे विकले जात तेव्हा दिसत होतं, वह्यांत मात्र सगळी राज्यं सारखीच दिसत. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे बदललं आणि प्रत्येक राज्याचा रोखा प्रत्यक्ष दिसलेल्या भावांवरून मोजायला सांगितलं.

म्हणूनच हल्ली भावासोबत तो कितपत पक्का आहे हेही सांगावं लागतं. त्यासाठी तीन पातळ्या आहेत. अगदी त्याच वस्तूचा चालत्या बाजारातला भाव मिळाला तर पहिली. तो नाही, पण तशाच दुसऱ्या वस्तूंच्या भावावरून किंवा बाजारात दिसणाऱ्या दरांवरून हिशेब मांडता आला तर दुसरी. आणि ज्यात महत्त्वाचे आकडे बाजारात कुठेच दिसत नाहीत, बँकेला स्वतःच्या अंदाजाने घालावे लागतात, ती तिसरी. सोसायटीतल्या फ्लॅटची किंमत खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या व्यवहारावरून सांगता येते. पण गावाकडच्या, चार भावांच्या नावावर असलेल्या वाड्याची किंमत जो तो आपल्या मनाने सांगतो. तिसरी पातळी म्हणजे तो वाडा. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीच्या शेअरचं मोल तिच्या ताळेबंदावरून काढतात. तो लेखापरीक्षित ताळेबंद मिळालाच नाही किंवा १८ महिन्यांहून जुना असला, तर त्या कंपनीतली बँकेची सगळी शेअर गुंतवणूक मिळून १ रुपया धरायची. एका शेअरला १ रुपया नव्हे, अख्ख्या कंपनीला. माहिती नसेल तर किंमतही नाही, हा नियम मला फार आवडतो.

भाव मिळाला की प्रश्न येतो तो कुठे लिहायचा, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. रोखा घेतानाच बँकेला ठरवावं लागतं की तो कोणत्या खान्यात ठेवायचा. मुदत संपेपर्यंत ठेवणार असाल तर एचटीएम (हेल्ड टू मॅच्युरिटी). तिथे रोज भाव लावायचा नाही. खरेदी किमतीला नोंद ठेवायची, आणि १०४ रुपयांना घेतलेला रोखा शेवटी १०० रुपयेच देणार असेल तर वरचे ४ रुपये उरलेल्या वर्षांत थोडे थोडे करून उतरवायचे. व्याजही घेऊ आणि गरज पडली तर विकूही, असं असेल तर एएफएस (अव्हेलेबल फॉर सेल). या दुसऱ्या खान्याला बाजारभाव लावावाच लागतो. जुन्या पद्धतीत त्यात तोटा निघाला तर नफ्यातून तरतूद, आणि फायदा निघाला तर तो सोडून द्यायचा. सरांच्या पुस्तिकेतली तरतूद ती हीच. सहकारी बँकांच्या अहवालात तिच्या शेजारी 'गुंतवणूक चढउतार निधी' दिसतो. दर उतरलेले असताना रोखे विकून मिळालेल्या कमाईतला काही वाटा वाईट दिवसांसाठी त्यात बाजूला ठेवायचा असतो.

वाईट दिवस येतात तेव्हा काय होतं ते २०१७-१८ साली दिसलं. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता, तो काही महिन्यांत साडेसातच्या वर गेला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१७ या तिमाहीत स्टेट बँकेला २,४१६ कोटींचा निव्वळ तोटा झाला. त्यात बुडीत कर्जांचा वाटा होता, तसाच रोख्यांच्या घसरलेल्या भावाचाही. त्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी बँकांना स्पष्ट सुनावलं होतं की व्याजदराची जोखीम तुमची तुम्ही सांभाळा, दर वेळी नियामकाकडे सवलत मागू नका. तरीही एप्रिलमध्ये सवलत दिली गेली आणि तोटा चार तिमाहींत विभागून दाखवायची मुभा मिळाली. मला ती सवलत तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. ३१ मार्चला जो भाव होता तो ३१ मार्चलाच होता.

नवे नियम रिझर्व्ह बँकेने १२ सप्टेंबर २०२३ रोजी काढले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते प्रादेशिक ग्रामीण बँका सोडून इतर व्यापारी बँकांना लागू झाले. त्यात एएफएसचा फायदाही धरतात आणि तोटाही. तो नफा-तोटा पत्रकातून न जाता थेट 'एएफएस राखीव' या खात्यात जातो, आणि ते खातं बँकेच्या मूळ भांडवलात मोजलं जातं. म्हणजे भाव पडला तर भांडवल तेवढ्याने कमी दिसणारच. एचटीएममधून वर्षभरात सुरुवातीच्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त विक्री करायची, तर आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी लागते. तिसऱ्या पातळीच्या अंदाजी फायद्यातून लाभांश वाटायचा नाही, आणि तो फायदा भांडवलातून वजाही करायचा. वाड्याच्या अंदाजी किमतीवर लग्नाचा खर्च करू नये, हे आपल्याकडे कुठल्याही जाणत्या माणसाने सांगितलं असतं.

एएफएसचा तोटा भांडवलात मोजण्याला एवढं महत्त्व का, ते अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने मार्च २०२३ मध्ये दाखवलं. तिच्याकडे २०२२ अखेर एचटीएम खान्यात सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे होते. त्यांचं वाजवी मूल्य होतं सुमारे ७६ अब्ज. फरक १५ अब्जांचा, आणि बँकेचं स्वतःचं भागभांडवल व गंगाजळी मिळून सुमारे १६ अब्ज. ही माहिती दडवलेली नव्हती, वाजवी मूल्याचा आकडा ताळेबंदावर त्याच ओळीत कंसात छापलेला होता. एएफएसमधला तोटा नियामक भांडवलात न मोजण्याचा पर्याय तिथल्या नियमांनी दिला होता आणि या बँकेने तो घेतला होता. ८ मार्चला तिने एएफएसमधले सुमारे २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा झाल्याचं जाहीर केलं. ९ मार्चला एका दिवसात ग्राहकांनी ४२ अब्ज डॉलर काढले. १० मार्चला बँक बंद झाली. त्या रोख्यांत मुख्यतः अमेरिकी सरकारचे आणि सरकारी पाठबळाच्या गृहकर्जांवरचे रोखे होते. सरकार तिथेही बुडालं नव्हतं.

अध्यक्षांचं 'कागदोपत्री' हे उत्तर अर्धं का, ते इथे कळतं. आपला ९३ रुपये २९ पैशांचा रोखा, दर ८ टक्क्यांवरच राहिला तरी, पाच वर्षं उरली असताना ९६ रुपयांवर येतो, तीन वर्षं उरली असताना ९७ रुपये ४२ पैशांवर, आणि शेवटी पूर्ण १०० रुपये देतो. थांबता आलं तर तोटा खरोखरच कागदावर राहतो आणि हळूहळू पुसला जातो. एचटीएम हा खाना त्याच भरवशावर उभा आहे आणि त्यात लबाडी काहीच नाही. मात्र थांबता येईल की नाही हे बँक एकटी ठरवू शकत नाही. ते ठेवीदारांच्याही हातात असतं.

तुमचे पैसे किंवा शेअर एखाद्या व्यापारी बँकेत असतील, तर तिच्या वार्षिक अहवालात परिशिष्ट ८ काढा. ते गुंतवणुकीचं असतं. मग परिशिष्ट १८ मधल्या टिपांत जा. एचटीएम रोख्यांची पुस्तकी किंमत आणि वाजवी मूल्य तिथे दिलेलं असतं, बाकीच्या गुंतवणुकीची पातळीनुसार विभागणीही सापडेल. त्या दोन किमतींतला फरक बँकेच्या स्वनिधीच्या, म्हणजे भागभांडवल आणि गंगाजळीच्या, मानाने किती आहे ते बघायला साधा गणकयंत्राचा हिशेब पुरतो.

आमच्या गावच्या बँकेच्या सभेत मात्र हे सगळं विचारूनच घ्यावं लागतं. मी सरांना नंतर बाहेर चहाच्या टेबलाशी गाठलं आणि ९३ रुपयांचा हिशेब अहवालाच्याच मागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, मग त्याखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात पुढच्या सभेसाठी प्रश्न लिहिला : "एचटीएममधील रोख्यांचा ३१ मार्चचा बाजारभाव किती? आणि वर्षाच्या आत मुदत संपणाऱ्या ठेवी किती?"