पकड किती उंच, पोल किती ताठ

बांबू उडीतल्या राष्ट्रीय विजेत्याची ओळख त्याच्या पदकांवरून होते. प्रशिक्षक मात्र दोन आकडे विचारतो. वरच्या हाताची पकड किती उंचीवर आहे आणि पोल किती ताठ आहे?

उंचीसाठी लागणारी बहुतेक ऊर्जा धावण्यातून येते. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य ५.१ मीटर वर जाईल. मुळात तो जमिनीपासून मीटरभर वर असतोच, म्हणजे सहा मीटर उंचीवरचा आडवा बार ओलांडण्याचा हिशेब जुळला. पोल ही ऊर्जा वाकताना साठवतो आणि सरळ होताना परत देतो. वाटेत थोडी वाया जाते, ती खेळाडू लटकलेल्या अवस्थेत खांदे आणि पोटाच्या जोरावर भरून काढतो.

खऱ्या बांबूने कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये ४.७७ मीटर पार केले. हा विक्रम १९५७ पर्यंत टिकला आणि मोडला तो धातूच्या पोलने, अवघ्या एका सेंटिमीटरने. मग फायबरग्लास आला आणि १९६३ मध्ये ५ मीटर सर झाले. पोल वाकला की त्याची दोन टोके जवळ येतात, त्यामुळे तो उभा करायला कमी जोर लागतो आणि पकड आणखी वर नेता येते. फायबरग्लासचा हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

पोल टेकवायची पेटी २० सेंटिमीटर खोल असते. ५.१० मीटरवर पकड असेल तर हात जमिनीपासून ४.९० मीटरवर पोहोचतो. सहा मीटरसाठी उरलेले १.१० मीटर उलट्या अवस्थेत हाताने पोल ढकलून मिळवायचे. ताठपणा मोजायला पोल दोन टेकूंवर आडवा ठेवून मध्यभागी २२.७ किलो वजन टांगतात. तो जितके सेंटिमीटर खाली झुकेल तो त्याचा फ्लेक्स. आकडा लहान, तितका पोल ताठ.

चुका बहुतेक वेळा इथेच होतात. पोल मऊ पडला तर खेळाडू झपाट्याने पुढे फेकला जातो आणि वर चढतानाच बारवर आदळतो. बारचे खांब ८० सेंटिमीटरपर्यंत मागे घेता येतात, पण त्याने थोडेच भागते. पोल जास्त ताठ किंवा पकड जास्त उंच असेल तर पोल उभा होण्याआधीच थांबतो आणि खेळाडू गादीऐवजी धावपट्टीकडे परत येतो. ही चूक अधिक घातक. तिसरी चूक पावलाची. उडी घेणारे पाऊल वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायला हवे. ते २०-३० सेंटिमीटर पुढे पडले, तर शरीराला मागे हिसका बसतो आणि पोल वाकण्याआधीच वेग मरतो. अशा वेळी धाव सुरू करण्याची खूण तेवढीच मागे न्यावी. पोल बदलू नये.

म्हणून शिकणारा चार-सहा पावलांच्या धावेने आणि खालच्या पकडीने सुरुवात करतो. धाव, पकड आणि ताठपणा यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. समोरून वारा असला की मुरलेले खेळाडूही एक पोल मऊ घेतात.

सर्गेई बुबका १९८३ मध्ये हेलसिंकीत १९व्या वर्षी जगज्जेता झाला आणि १९९७ मध्ये अथेन्समध्ये सलग सहाव्यांदा. चौदा वर्षे वेग टिकवणे किती अवघड, ते गणितच सांगते. वेग सेकंदाला ९.५ वरून ९.३ मीटरवर आला, तरी उपलब्ध उंचीतून १९ सेंटिमीटर जातात.