चार डिस्क, एक हौद

मराठी माणसाला ‘पूल’ म्हटलं की नदी आठवते. नेटवर्क स्टोरेज सर्व्हरवरचा (म्हणजे ‘नॅस’, नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारं डिस्कांचं खोकं) ‘स्टोरेज पूल’ मात्र ओलांडायचा नसतो, तो पाणी साठवायचा हौद असतो. चार डिस्कांची जागा एकाच हौदात ओतायची आणि नळ सोडून हवी तेवढी घ्यायची. कोणत्या नळाला कोणत्या डिस्कचं पाणी येतंय, हे बघायची गरज उरत नाही.

पूर्वी ती होती. संगणकावर सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडलेले असत. फोटोंचा डी गच्च भरलेला आणि शेजारचा ई अर्धा रिकामा, पण भिंत पहिल्याच दिवशी घातलेली असल्यामुळे इकडची जागा तिकडे देता येत नसे. कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी 2001 साली झेडएफएसचं, म्हणजे डिस्कांवर फाइली मांडून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम सुरू केलं, तेव्हा बॉनविक यांच्यासमोर एक साधा प्रश्न होता. संगणकात रॅमची नवी पट्टी खोचली की ती आपोआप वापरात येते, तिचे कोणी भाग पाडत बसत नाही. मग डिस्कचंच एवढं अवघड का? 2005 च्या अखेरीस हे काम ओपनसोलारिस या सनच्याच खुल्या कार्यप्रणालीतून लोकांच्या हाती आलं. आज ते ओपनझेडएफएस या नावाने लिनक्स आणि फ्रीबीएसडी या कार्यप्रणालींवर चालतं, आणि ट्रूनॅससारख्या नॅससाठीच्या प्रणालीतून घरातल्या टीव्हीखालच्या खोक्यातही.

हौद थेट डिस्कांचा बांधत नाहीत, इथेच नवखे फसतात. मध्ये एक थर असतो, त्याला व्हीडेव्ह म्हणतात. आधी डिस्कांचे गट करायचे आणि मग त्या गटांचा पूल. डिस्क मेली तर सांभाळून घेण्याची जबाबदारी गटाची. पूल फक्त गटांमध्ये माहिती वाटत जातो, आणि एक गट पूर्ण बुडाला तर दुसरा त्याला वाचवू शकत नाही. सगळा पूलच जातो. म्हणून किती डिस्क घेतल्या यापेक्षा त्यांचे गट कसे केले, याला जास्त महत्त्व आहे.

समजा 4 टेराबाइटच्या चार डिस्क आहेत. पहिला मार्ग रेड-झेड 1 या गटाचा. चारांपैकी एका डिस्कइतकी जागा ‘पॅरिटी’साठी जाते, 12 टेराबाइट हाती राहतात. (पडद्यावर 10.9 दिसतील. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि बरीच सॉफ्टवेअर 1024 च्या.) पॅरिटी म्हणजे सम-विषमाचा हिशेब. तीन डिस्कांवर 1, 0 आणि 1 लिहिलंय, बेरीज सम आहे, म्हणून चौथीवर 0 लिहायचा. उद्या दुसरी डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून कळतं की बेरीज सम यायची तर तिथे 0 च असणार. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीतल्या तिघांनी स्वस्त डिस्कांचा असा ताफा वापरायचं 1988 च्या शोधनिबंधात मांडलं होतं, त्यावरूनच ‘रेड’ हे नाव रूढ झालं.

दुसरा मार्ग रेड-झेड 2 चा. 8 टेराबाइट मिळतात आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. तिसरा मार्ग आरशांचा, म्हणजे दोन-दोनच्या दोन जोड्या आणि प्रत्येक जोडीत तीच माहिती दोनदा. जागा तेवढीच, 8 टेराबाइट. पण एक डिस्क मेल्यावर उरलेल्या तिघींपैकी नेमकी तिची जोडीदार गेली तर खेळ खलास.

कागदावर रेड-झेड 2 सरस दिसतं. तरीही घरच्या सर्व्हरसाठी मला विचाराल तर मी आरसे निवडेन. बदली डिस्क भरताना आरशाला फक्त जोडीदाराकडून उतरवून घ्यावं लागतं, रेड-झेडला मात्र बाकी सगळ्यांना कामाला लावावं लागतं. सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या सलग वेगानेसुद्धा भरलेली 4 टेराबाइटची डिस्क उतरवायला सात-साडेसात तास लागतात, आणि बरोबरच घेतलेल्या जुन्या डिस्कांनी इतके तास नेटाने वाचत राहणं हीच त्यांची परीक्षा असते. शिवाय जागा वाढवायची तर एका जोडीच्या दोन डिस्क बदलल्या की भागतं.

रेड-झेडच्या गटात एकेक डिस्क वाढवायची सोय ओपनझेडएफएसमध्ये थेट 2025 च्या जानेवारीत, 2.3 या आवृत्तीत आली. तोवर अनेकांनी एक आडमार्ग धरला: पाचवी डिस्क घेतली आणि ती पूलला एकटीच जोडून दिली. आज्ञा देताना सॉफ्टवेअर हटकतं, पण जबरदस्तीचा पर्याय दिला की ऐकतं. मग चार डिस्कांच्या भक्कम गटाशेजारी एका डिस्कचा उघडा गट उभा राहतो. ती गेली की सगळं गेलं, आणि पूलमध्ये रेड-झेड असताना असा गट पुन्हा काढूनही घेता येत नाही.

डिस्क मरते ते निदान कळतं. तिने मुकाट्याने चुकीचं वाचून देणं जास्त घातक. दोन प्रती आहेत आणि त्या जुळत नाहीत, तर खरी कोणती? साध्या रेडला याचं उत्तर देता येत नाही. झेडएफएस प्रत्येक ठोकळ्याचा (फाइलीच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा छोटा आकडा, काढून ठेवतं. तोही त्या ठोकळ्यापाशी नाही, तर त्याचा पत्ता जिथे लिहिलाय तिथे, वरच्या पायरीवर. संशयिताने स्वतःच स्वतःची जमानत देऊन चालत नाही, तसंच हे. ठसा जुळला नाही की दुसरी प्रत वाचायची, ती जुळली की तिच्यावरून बिघडलेली दुरुस्त करायची, आणि फाइल उघडणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. क्वचित उघडल्या जाणाऱ्या फाइलींसाठी ‘स्क्रब’ असतो. महिन्यातून एकदा सगळा हौद घासून प्रत्येक ठसा तपासायचा.

दुसरी शिस्त वाण्याच्या चोपडीसारखी आहे, खाडाखोड करायची नाही. फाइल बदलली तर जुन्या ठोकळ्यावर न लिहिता नवा ठोकळा रिकाम्या जागी लिहितात, मग त्याचा पत्ता ठेवणारा नवा ठोकळा, आणि सगळ्यात शेवटी मुळाशी असलेली एक नोंद बदलतात. मध्येच लाइट गेली तर ती शेवटची नोंद झालेली नसते, त्यामुळे जुना हिशेब जसाच्या तसा उभा असतो. पावसाळ्यात दिवसातून चारदा दिवे जाणाऱ्या गावात याचं मोल वेगळं सांगायला नको. स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, हाही यातूनच जवळजवळ फुकट मिळतो. जुने ठोकळे मोकळे करायचे नाहीत, एवढंच ठरवायचं.

बदली डिस्क भरण्याच्या कामाला ‘रीसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे आरशाला पुन्हा पारा चढवणं. ही डिस्क घेताना ती एसएमआर जातीची नाही ना, तेवढं बघावं. या जातीत माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची ओळ उचलावी लागते. सततच्या लिखाणात ती धापा टाकते आणि पारा चढवायला तासांऐवजी दिवस लागू शकतात. 2020 मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही याच जातीच्या निघाल्या आणि त्यावरून बराच गदारोळ झाला होता.

आग, चोरी आणि चुकून दिलेली पूल पुसायची आज्ञा यांपुढे यातलं काहीच चालत नाही. त्यासाठी दुसऱ्या घरात दुसरी प्रत हवी.

आणि हवी एक चिकटपट्टी. पूल ‘डीग्रेडेड’, म्हणजे डिस्क गमावून लंगडा, झाला की सर्व्हर मेलेल्या डिस्कचा अनुक्रमांक पडद्यावर दाखवतो. खोक्यात मात्र चार सारख्या काळ्या डिस्क असतात आणि त्यांचे क्रमांक आतल्या बाजूला छापलेले. पहिल्या खेपेला मी अंदाजाने एक ओढली, ती धडधाकट निघाली आणि रेड-झेड 1 चा पूल डोळ्यांदेखत बंद पडला. परत खोचून यंत्र सुरू केल्यावर तो उठला खरा, पण तोवरची दहा मिनिटं बायकोला लग्नाच्या फोटोंबद्दल काय सांगायचं याची जुळवाजुळव करण्यात गेली. आता प्रत्येक खणावर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहिलेले आहेत.