त्याच कामाला कमी पगार? मुंबईत समान वेतनाचा दावा असा दाखल करा

समजा, भांडुपच्या एका कारखान्यात बाटल्या भरण्याच्या लाइनवर बारा जण आहेत. बायकांचं पद ‘पॅकर’, पुरुषांचं ‘असिस्टंट ऑपरेटर’. मशिन तेच, पाळी तीच, चुकलं तर ऐकून घ्यावं लागतं तेही सारखंच. पगारात मात्र दरमहा तीन हजारांचा फरक. हा फरक बेकायदा आहे आणि मागची थकबाकीही मागता येते.

1976 चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, 2019 मध्ये आला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कलम 3 नुसार एकाच मालकाच्या एकाच आस्थापनेत, त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून कमी-जास्त वेतन देता येत नाही. भरतीतही असा भेदभाव चालत नाही. बरोबरी साधायची म्हणून पुरुषांचा पगार कापायलाही मनाई आहे.

अर्ज कामगारच करू शकतात असं नाही. सुपरवायझर, मॅनेजर, ऑफिसातले क्लार्क हे सगळे संहितेच्या व्याख्येत ‘कर्मचारी’ आहेत. शिकाऊ उमेदवार मात्र नाहीत. स्वतः अर्ज करा, तुम्ही सभासद असलेल्या नोंदणीकृत युनियनमार्फत करा, किंवा कामगार खात्याचा निरीक्षकही तो करू शकतो. एका आस्थापनेतल्या अनेकींचा मिळून एकच अर्ज चालतो. जमेल तिथे तोच करा, एकटीवर दबाव येत नाही. मुदत आहे तीन वर्षांची. उशिराचं सबळ कारण असेल तर नंतरही अर्ज घेतला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रं नेहमीचीच: नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, ओळखपत्र, हजेरी किंवा ड्युटी चार्टच्या प्रती. खरा भार असतो तो कामाच्या वर्णनावर, आणि नेमका तोच कागद बहुतेक अर्जांत दोन ओळींचा असतो. पदाचं नाव बाजूला ठेवा. सकाळी आल्यापासून तुम्ही काय करता आणि ज्या सहकाऱ्याशी तुलना करताय तो काय करतो, हे शेजारी-शेजारी लिहून काढा. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी या चारही बाबी त्यात याव्यात, कारण काम सारखं आहे की नाही हे यांवरूनच ठरतं. फरक असेल तर तोही प्रामाणिकपणे लिहा. किरकोळ फरकाने दावा पडत नाही. मुंबईच्याच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या महिला लघुलेखिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये सांगितलं, की प्रत्यक्षात केली जाणारी कामं बघा. सगळ्यांना सारखा पगार देणं परवडत नाही, ही सबबही तिथे टिकली नाही.

सहकाऱ्याची स्लिप मिळवण्यासाठी चोरून काही करू नका. त्याचं पद, रुजू झाल्याचा काळ आणि माहीत असलेला पगार लिहा. कंपनीकडून पगारपत्रक मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहेत.

आधी कंपनीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. कायद्याची ही अट नाही, पण पुढे ती पोच फार उपयोगी पडते. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्तालयात, तुमच्या भागाचा प्राधिकारी कोण ते विचारून अर्ज द्या. प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बँक, विमा, रेल्वे किंवा बंदरात नोकरी असेल तर केंद्र सरकारच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठा, नाहीतर हेलपाटा पडतो.

निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. थकबाकीखेरीज दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते, आणि मालकाने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. निकाल विरोधात गेला तर 90 दिवसांत अपील करता येतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.