पट्टेरी ऑर्किड बाटलीतून का येत नाहीत : पार्श्वभूमी

नाशिकच्या रोपवाटिकांत फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. हल्ली हौशी लोक विचारतात ते जपान-चीनकडच्या, थंडी सोसणाऱ्या आणि पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या ऑर्किडबद्दल. पांढऱ्या कडेची ब्लेटिला स्ट्रायाटा, पट्टेरी निओफिनेशिया, सिंबिडियम गोरिंगीचे रंगीत पानांचे वाण. किंमत ऐकली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: केळीची रोपे टिश्यू कल्चरने, म्हणजे पेशींच्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत, लाखांनी तयार होतात, मग हीच एवढी महाग आणि दुर्मीळ का? याचे अर्धे उत्तर पानाच्या आत आहे आणि उरलेले अर्धे एका आंतरराष्ट्रीय करारात.

पट्टेरी झाडे जपण्याची परंपरा मुख्यतः जपानची. एदो काळात, १८२७ आणि १८२९ साली, तिथे चमत्कारिक आणि रंगीत पानांच्या झाडांचे सचित्र ग्रंथ निघाले. निओफिनेशिया हे तर उमराव घराण्यांचे झाड. अकराव्या शोगुनलाही (तिथल्या लष्करी सत्ताधीशाला) तिचा नाद होता असे सांगतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की हे सगळे वाण आईच्या बुडातून फुटवा वेगळा काढून, एकेक करत वाढवले गेले. दुसरा मार्गच नव्हता, आणि बव्हंशी आजही नाही.

असे का, ते कळायला १९०९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एका जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या अंगणात दिसते त्याच गुलबक्षीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. एकाच झाडावर हिरव्या, पांढऱ्या आणि पट्टेरी फांद्या होत्या. हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवीच रोपे आली, पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरीच, आणि ती लवकरच मेली. पट्टेरी फांदीने तिन्ही प्रकार दिले. पराग कोणत्या फांदीवरचा आहे याने काहीच फरक पडला नाही. हरितद्रव्याचे कण रोपाला आईकडून मिळतात, हे त्यातून पुढे आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधकाने जिरेनियमच्या पांढऱ्या कडेचा उलगडा केला. शेंड्यातल्या पेशी थराथरांनी वाढतात आणि त्यातला एखादा थर हरितद्रव्यहीन झाला की पानाला पांढरी कड येते. अशा दोन जातींच्या पेशी एकत्र नांदणाऱ्या झाडाला कायमेरा म्हणतात. पांढरी कड म्हणजे थरांची मांडणी, आणि ती मांडणी बियांत उतरत नाही.

नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला यातले निम्मे शिकवावे लागत नाही. वेलीवर निघालेला वेगळा फुटवा काडीने जपायचा, हे तो जाणतो. तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण थॉमसन सीडलेस या द्राक्षातून असेच निघाले. फरक इतकाच की द्राक्षाच्या एका वेलीपासून एका हंगामात शेकडो काड्या मिळतात, तर ब्लेटिलाचा एक कंद वर्षाला एखाददुसरा नवा कंद देतो. त्यातही पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही, म्हणून पट्टेरी झाड हिरव्या बहिणीपेक्षा नेहमीच मागे.

दरम्यान हिरव्या ऑर्किडचे जग पार बदलून गेले. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते आणि त्यात साठवलेले अन्न जवळपास नसतेच, त्यामुळे निसर्गात ते बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. हे १८९९ मध्ये फ्रान्समध्ये उमगले. १९२२ मध्ये अमेरिकेत साखर घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर), बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवले गेले. १९६० मध्ये पुन्हा एका फ्रेंच संशोधकाने सिंबिडियमच्या शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून हजारो एकसारखी रोपे करण्याची वाट दाखवली. आज बाजारातले फॅलेनॉप्सिस याच वाटेने येते. पांढऱ्या कडेच्या झाडाला मात्र ही वाट जवळपास बंद आहे. बाटलीत नवे रोप थोड्याशाच पेशींपासून उभे राहते, आणि थर एकदा सुटे झाले की रोप बहुधा पूर्ण हिरवे निघते किंवा पूर्ण पांढरे. पांढरे बाटलीतल्या साखरेवर जगते, पण कुंडीत आल्यावर टिकत नाही. पट्टेरी आईच्या बियांतून काही पट्टेरी रोपे मिळतात खरी, जपानी बागाईतदार निओफिनेशियात ते करतातही. पण नेमका तोच वाण पुन्हा मिळत नाही.

उरलेले अर्धे उत्तर ज्या करारात आहे, त्यातला निर्णय मात्र अजूनही वादाचा आहे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, सायटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराचा मसुदा १९७३ मध्ये ठरला आणि १ जुलै १९७५ पासून तो लागू झाला. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. ऑर्किडचे संपूर्ण कुळ, म्हणजे पंचवीस हजारांहून अधिक जाती, करारात घेतले गेले. बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात (परवान्याने व्यापार) आहेत, काही जास्त कडक अशा पहिल्यात. कराराखालच्या वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त नुसती ऑर्किडच आहेत. फूल नसलेले रोप पाहून जात ओळखणे कस्टमच्या अधिकाऱ्याला अशक्य असते, म्हणून दुर्मीळ जाती वाचवायच्या तर सरसकट सगळ्यांवर नियंत्रण हवे, असा त्यामागचा तर्क.

हा तर्क चुकीचा नाही. त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला पावसाळ्यात उगवणाऱ्या आमरीचे, म्हणजे रानातल्या ऑर्किडचे, कंद लोक पिशवीत भरून नेतात, तेव्हा सरसकट नियंत्रणाचे मोल कळते. आमरी घरच्या कुंडीत क्वचितच दुसरा पावसाळा पाहते. पण पुढे करारात सवलत आली ती निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना. कृत्रिमरीत्या वाढवलेले आणि बाटलीत असलेले रोप परवान्याच्या जाचातून बहुतांशी सुटते. कुंडीतून काढलेला तीन कंदांचा तुकडा सुटत नाही, मग तो तीन पिढ्या बागेत वाढलेला का असेना. सवलत लिहिताना हिरवी झाडे डोळ्यांसमोर होती, हे उघड आहे. ज्याचा वाण बाटलीत टिकत नाही त्या झाडाचा विचार कोणी केला नाही. जंगलातून ज्याची चोरी संभवतच नाही, अशा बागेतल्या पट्टेरी वाणालाही ढीगभर कागद लागतात. निर्यातीचा परवाना, रोगमुक्तीचा दाखला, भारताचा आयात परवाना, शिवाय २००३ च्या प्लांट क्वारंटाइन (बाहेरून येणाऱ्या झाडांतून रोग-कीड येऊ नये म्हणून काढलेल्या) आदेशाप्रमाणे मुळांना मातीचा कणही नको. एका कंदासाठी एवढी यातायात कोणी करत नाही. म्हणून आडमार्गाची पार्सले येतात, पकडली जाऊन नष्ट होतात, किंवा आत येऊन रोग पसरवतात. बागेत वाढल्याचा पुरावा असलेल्या विभागणीच्या रोपांना वेगळी, सोपी वाट हवी होती आणि अजूनही हवी आहे, असे माझे मत आहे.

भारतातला कायदाही याच दिशेने गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते १९९१ मध्ये. त्यात संरक्षित ठरवलेल्या सहा नोंदींपैकी तीन ऑर्किडच्या होत्या: निळा वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर. २०२२ च्या दुरुस्तीने सायटिसची यादीच कायद्याच्या परिशिष्टात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आहे.

आडमार्गाच्या मालातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे विषाणू. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहेत आणि दोन्ही कापायच्या पात्यावरच्या रसातून पसरतात. आजारी सिंबिडियम ‘व्हेरिगेटेड’ (पट्टेरी) म्हणून विकले जाते. ओळखायला पान उजेडासमोर धरावे. खरा पट्टा शिरांना समांतर, बुडापासून टोकाकडे जातो आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. विषाणूचे डाग तुटक, पुसट, प्रत्येक पानावर वेगळे असतात आणि जुन्या पानावर काळे किंवा खोलगट पडतात. शंका आली तर ते झाड इतरांपासून दूर ठेवावे.

नाशिकचे हवामान या झाडांना अर्धेच मानवते. निफाडचा पारा थंडीच्या लाटेत पाच अंशांखाली जातो, ते ब्लेटिला आणि निओफिनेशिया दोघींनाही चालते. अडचण पुढे येते. सह्याद्रीतली आमरी उन्हाळाभर कंदात झोपते आणि पहिल्या पावसावर उठते. ब्लेटिला मात्र हिवाळ्यात झोपून फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंब काढते, म्हणजे तिची कोवळी पाने थेट चाळीस अंशांच्या तोंडी जातात. पांढरी कड सर्वांत आधी करपते. दाट शेडनेट, दुपारी हवेत ओलावा आणि बोअरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी हवे, कारण क्षारांनी जळणारी पहिली जागाही तीच कड असते.

विभागणी जानेवारीअखेर, डोळा फुगू लागण्याआधी करावी. प्रत्येक तुकड्यात किमान तीन कंद आणि एक जिवंत डोळा हवा, आणि तो डोळा ज्या कोंबाच्या पानांवर पट्टा स्पष्ट होता त्याच्याच बुडाचा हवा. पाते प्रत्येक झाडागणिक ज्योतीवर तापवावे. द्राक्षाच्या सवयीने लोक कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा, म्हणजे तांबे असलेला लेप) लावतात, पण तांबे कित्येक ऑर्किडना सोसत नाही. दालचिनीची पूड पुरते. पूर्ण हिरवा फुटवा आला तर लगेच वेगळा करावा, नाहीतर जोमाने वाढून दोन-तीन हंगामांत तोच कुंडी भरून टाकतो.